मुलगी कॉलेजात शिकते आणि कमावतेही. मग रिटर्नमध्ये ती कोणाची?

जानेवारी संपता संपता अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या हाती दोन कागद पडतात. पहिला डब्ल्यू-२: लायब्ररीत, कॅफेत किंवा उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमध्ये किती पगार झाला आणि त्यातून किती कर कापला याचा हिशेब. दुसरा १०९८-टी: कॉलेजला वर्षभरात किती फी पोचली याची नोंद. मुलगी हॉस्टेलच्या खोलीत बसून फोनवर एखादं फुकट सॉफ्टवेअर उघडते. 'दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट (अवलंबित) म्हणून दाखवू शकतं का?' असा प्रश्न येतो. ती बेधडक 'नाही' म्हणते आणि कापलेले दीडशे डॉलर परत मागून मोकळी होते. मार्चमध्ये एडिसनला किंवा फ्रिमाँटला आईबाबा आपलं रिटर्न पाठवतात, तर ते तासाभरात माघारी येतं: मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या रिटर्नमध्ये आधीच वापरला गेला आहे. दीडशे डॉलरपायी अडीच हजारांचं क्रेडिट अडकून बसतं.

त्यात ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने काही आकडे बदलले आहेत आणि २०२६ पासून एक नवी अटही येते आहे. खाली दिलेले आकडे २०२५ सालच्या कमाईचे, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या फेडरल रिटर्नचे आहेत.

वजावट वेगळी, क्रेडिट वेगळं

किराणा दुकानात तूप डब्यासकट तोलतात आणि मग डब्याचं वजन वजा करतात. ती झाली वजावट. ज्यावर कर बसायचा ती रक्कमच घटते. सगळं बिल झाल्यावर दुकानदाराने शेवटच्या आकड्यातून सरळ पैसे कमी केले, तर ते क्रेडिट. कर २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर अडीच हजारांच्या वजावटीने ५५० डॉलर वाचतात, अडीच हजारांच्या क्रेडिटने पूर्ण अडीच हजार. काही क्रेडिटं कर शून्यावर आला की थांबतात. काहींचा उरलेला भाग रोख हातात येतो.

वर्षअखेरीला मूल १७ वर्षांचं झालेलं असलं की त्याच्या नावाचं २,२०० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट बंद होतं. त्यानंतर उरतं ते 'इतर अवलंबितां'साठीचं ५०० डॉलरचं क्रेडिट. त्यासोबत शिक्षणाची दोन: अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी, कमाल २,५००, आणि लाइफटाइम लर्निंग, कमाल २,०००. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी अर्न्ड इन्कम क्रेडिट आहे. एक मूल आणि जोडप्याचं एकत्र रिटर्न असेल तर २०२५ साठी उत्पन्नाची मर्यादा ५७,५५४ डॉलर. आईबाबांच्या रिटर्नमधली यातली बहुतेक दारं उघडतात ती एकाच किल्लीने: मूल तुमच्यावर अवलंबून आहे, असं कायदा मानतो का?

कायद्याच्या चाळण्या

नात्याची चाळणी सोपी आहे: पोटचं, दत्तक किंवा सावत्र मूल चालतं. वयाची चाळणी अशी की ३१ डिसेंबरला वय १९ पेक्षा कमी हवं, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ पेक्षा कमी. पूर्णवेळ म्हणजे वर्षातल्या कोणत्याही पाच महिन्यांत कॉलेजच्या व्याख्येनुसार पूर्णवेळ नाव दाखल असणं. हे महिने सलग लागत नाहीत आणि महिन्यातला एक दिवस असला तरी तो महिना धरतात. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात पदवी घेणारी मुलगीही जानेवारी ते मे असे पाच महिने पूर्ण करते.

तिसरी चाळणी राहण्याची: अर्ध्या वर्षाहून जास्त काळ तुमच्या घरी. हॉस्टेलवरचे महिने इथे घरातच धरले जातात, कारण शिक्षणासाठी दूर राहणं ही 'तात्पुरती अनुपस्थिती' ठरते. मुलीचं लग्न झालं असेल आणि तिने नवऱ्यासोबत एकत्र रिटर्न भरलं, तर सहसा ती यातून बाहेर पडते. आणि मूल अमेरिकेचं नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी असावं लागतं (कॅनडा-मेक्सिकोच्या रहिवाशांनाही मुभा आहे). ही अट व्हिसावरच्या घरांना कुठे चावते ते पुढे येईल.

'पण ती तर सव्वीस हजार कमावते!'

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते इथे. या चाळण्यांत मुलाच्या कमाईवर मर्यादाच नाही. पाच हजार कमवो की पन्नास हजार, विचारलं जातं ते एवढंच: स्वतःच्या पोषणाचा अर्ध्याहून जास्त खर्च मुलाने स्वतः उचलला का?

ताटाचा विचार करा. ताटात कोणी किती वाढलं तेवढंच मोजायचं. डब्यात भरून ठेवलेलं मोजायचं नाही. मुलीने पगार बँकेत टाकला, शेअर घेतले, रॉथ निवृत्ती खात्यात भरला, तर ते पैसे ताटात पडलेलेच नाहीत. पगारातून कापलेला करही तिच्या पोषणात धरत नाहीत.

उदाहरण घेऊ. स्कॉलरशिप बाजूला ठेवून वर्षाचा खर्च असा: फी १६,०००, राहणं-जेवण १४,०००, पुस्तकं, फोन, विमा, कपडे, प्रवास ६,०००. एकूण ३६,०००, निम्मे १८,०००. मुलीने इंटर्नशिपचे २१,००० आणि कॅम्पसवरच्या कामाचे ५,००० मिळवले, त्यातले १२,००० स्वतःवर खर्च केले, बाकी कर आणि बचत. १२,००० हा आकडा १८,००० च्या आत आहे, म्हणून ती आईबाबांची डिपेंडंट.

पुढच्या वर्षी तेच आकडे, फक्त तिने स्वतःच्या नावावर ८,००० चं विद्यार्थी कर्ज काढून फीत घातलं. आता तिचा वाटा २०,००० झाला आणि ती चाळणीतून खाली पडली. कर्ज फेडायचं पुढे असलं तरी ते 'तिने दिलेलं' धरतात. तेच कर्ज पेरेंट प्लस योजनेखाली आईबाबांच्या नावावर असतं तर त्यांच्या बाजूला गेलं असतं. कर्ज कोणाच्या नावावर काढायचं हे ठरवताना व्याजदर सगळे पाहतात, हे कोणी पाहत नाही.

पूर्णवेळ विद्यार्थ्याची स्कॉलरशिप या हिशेबात कोणाच्याच बाजूने धरत नाहीत. पुण्याच्या आजोबांनी थेट कॉलेजला फी पाठवली, तर तो तिसऱ्याचा वाटा. मुलीने दिला असं होत नाही. सुटीत मुलगी घरी राहते त्या खोलीचं मोल बाजारभावाच्या भाड्याने धरायचं, घरकर्जाच्या हप्त्याने नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, पब्लिकेशन ५०१ मध्ये या मोजणीसाठी एक तक्ता आहे; तो भरून रिटर्नच्या फाइलमध्ये ठेवावा.

मग ५,२०० डॉलरची मर्यादा कुठली, जिच्याबद्दल सगळे बोलतात? ती दुसऱ्या वर्गाची आहे: २४ पूर्ण झालेली मुलं, किंवा १९ च्या पुढची अर्धवेळ शिकणारी. मास्टर्स करणारा २५ वर्षांचा मुलगा वर्षाला ५,२०० किंवा त्याहून जास्त कमावत असेल तर तो डिपेंडंट नाही. त्याहून कमी कमाई असेल आणि त्याचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर ५०० चं क्रेडिट मिळतं. दोन वर्गांचे नियम एकमेकांत मिसळले की हमखास चूक होते. अर्न्ड इन्कम क्रेडिटसाठी तर पोषणाची चाळणी मुळातच नाही. तिथे वय, नातं आणि अमेरिकेतल्या घरी राहणं पाहतात, आणि सगळ्यांना सोशल सिक्युरिटी नंबर लागतो.

आणखी एक गैरसमज: २६ व्या वर्षापर्यंत मूल आईबाबांच्या आरोग्य विम्यावर राहू शकतं, म्हणून ते कराच्या दृष्टीनेही डिपेंडंट. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

अडीच हजार कसे होतात

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटची रीत अशी: पात्र खर्चाच्या पहिल्या २,००० चे पूर्ण २,०००, पुढच्या २,००० चे २५ टक्के म्हणजे ५००. म्हणजे ४,००० खर्च दाखवला की २,५०० मिळाले. फी चाळीस हजार असली तरी तेवढेच. त्यातले ४० टक्के, कमाल १,०००, कर शून्य झाला तरी रोख मिळू शकतात.

पात्र खर्चात फी, सक्तीचे शुल्क आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं-साहित्य येतं, मग पुस्तकं कॉलेजच्या दुकानातून घेतलेली असोत की बाहेरून. लॅपटॉप कॉलेजने बंधनकारक केला असेल तरच. हॉस्टेल, मेस, विमा आणि प्रवास यात बसत नाहीत. मुलगी पदवीच्या अभ्यासक्रमात आणि किमान एका सत्रात निदान अर्धवेळ हवी. फी तिने स्वतःच्या पगारातून भरली असली तरी तुम्ही तिला डिपेंडंट दाखवता तेव्हा ती तुम्ही भरली असंच धरतात.

क्रेडिट चार वेळाच मिळतं आणि मोजणी कॅलेंडर वर्षांची असते. ऑगस्ट २०२१ ला सुरुवात आणि मे २०२५ ला पदवी म्हणजे शिक्षणाची वर्षं चार, पण रिटर्न पाच. शेवटच्या वसंत सत्रासाठी मग लाइफटाइम लर्निंग उरतं: पात्र खर्चाचे २० टक्के, प्रत्येक रिटर्नमागे कमाल २,०००, करापुरतंच, पण वर्षांची मर्यादा नाही आणि मास्टर्सलाही चालतं.

१०९८-टी कागद बहुतेकदा मुलीच्या कॉलेज पोर्टलवर येतो, तुमच्या टपालपेटीत नाही. तिच्याकडून पीडीएफ मागवा. रकाना १ मध्ये भरलेली फी, रकाना ५ मध्ये स्कॉलरशिप. रकाना ७ वर खूण असेल तर डिसेंबरमध्ये भरलेली पण जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी त्यात आहे. ती भरलेल्या वर्षातच मोजायची. पुस्तकं या कागदावर सहसा नसतात, त्यांच्या पावत्या ठेवायच्या. क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३, आणि त्यावर कॉलेजचा कर-क्रमांक लागतो.

५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, सगळी फी भरणाऱ्यांनी सांभाळावं. एकाच खर्चावर ५२९ ची करमुक्ती आणि क्रेडिट दोन्ही मिळत नाहीत. ४,००० फी खिशातून भरायची, बाकीची फी, हॉस्टेल आणि जेवण ५२९ मधून.

'स्कॉलरशिपनेच फी भागली, मग क्रेडिट कसलं?'

इथे कायद्यातच एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. समजा फी १०,०००, स्कॉलरशिपही १०,०००. साधा हिशेब केला तर पात्र खर्च शून्य, क्रेडिट शून्य. पण स्कॉलरशिपच्या अटींमध्ये 'फक्त फीसाठी' असं बंधन नसेल, तर त्यातले ४,००० राहण्या-जेवणासाठी वापरले असं मांडता येतं. तेवढे पैसे मुलीचं करपात्र उत्पन्न होतात, आणि फीचे ४,००० क्रेडिटसाठी मोकळे होतात.

तिची कमाई ८,००० असेल तर एकूण १२,०००. डिपेंडंट मुलाची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) म्हणजे कमाई अधिक ४५०, कमाल १५,७५०, आणि या वजावटीपुरती करपात्र स्कॉलरशिप कमाईतच धरतात. त्यामुळे तिच्यावर फेडरल कर शून्य आणि आईबाबांना २,५००. तिची कमाई जास्त असेल तर मात्र गणित बदलतं. 'किडी टॅक्स' नावाचा नियम आहे: मुलाच्या २,७०० पुढच्या बिनकमाईच्या (व्याज-लाभांशासारख्या) उत्पन्नाला आईबाबांचा करदर लागतो, आणि त्या नियमापुरती ही स्कॉलरशिप बिनकमाईची ठरते. राज्याचा करही वेगळा तपासायचा.

आईबाबांचं उत्पन्नच जास्त असेल तर?

दोघं आयटीत असलेल्या घराचा हा नेहमीचा प्रश्न. जोडप्याच्या एकत्र रिटर्नमध्ये १,६०,००० पासून शिक्षण क्रेडिट उतरू लागतं आणि १,८०,००० ला संपतं (एकट्याला ८०,००० ते ९०,०००). नवराबायकोने वेगवेगळी रिटर्नं भरली तर मिळतच नाही. अडीच हजारांच्या क्रेडिटमधून प्रत्येक हजारामागे १२५ डॉलर गळतात. १,७०,००० वर असलेल्यांना १,२५० मिळतात. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात करपूर्व भरणा वाढवला की हिशेबातलं उत्पन्न खाली येतं, पण तो भरणा ३१ डिसेंबरच्या आत पगारातूनच व्हायला हवा.

१,८०,००० च्या वर असाल तर आणखी एक मार्ग. तुम्ही मुलीला दाखवू शकत असूनही दाखवायचं नाही. मग शिक्षण क्रेडिट ती स्वतःच्या रिटर्नमध्ये मागू शकते. मात्र 'दुसरं कोणी मला डिपेंडंट दाखवू शकतं' या चौकटीवर तिने खूण करायचीच, कारण दाखवू शकतं हे खरंच आहे. रोख परताव्याचा भागही तिला सहसा नाही: १९ ते २३ वयाची पूर्णवेळ विद्यार्थिनी, कमाई स्वतःच्या पोषणाच्या निम्म्यापेक्षा कमी आणि आईबाबांपैकी एक तरी हयात, असं असेल तर क्रेडिट तिच्या करापुरतंच चालतं.

समजा तिने तेच २६,००० कमावले, पण त्या वर्षी खर्च मोठा, साठ हजारांचा. प्रमाणित वजावट १५,७५० जाता १०,२५० वर १० टक्के, म्हणजे १,०२५ कर. क्रेडिटने तो पुसला. तुम्ही गमावले ५००. घराचा निव्वळ फायदा ५२५. तिची कमाई १२,००० च असती तर कर मुळातच शून्य, आणि तुमचे ५०० उगाच गेले असते. (५०० चं क्रेडिट जोडप्याला ४,००,००० नंतरच उतरू लागतं.)

एच-४, एफ-१ आणि नवी अट

एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर बहुधा नसतो, आयटिन हा फक्त करापुरता दिलेला क्रमांक असतो. २०२५ च्या रिटर्नपर्यंत आयटिनवर ५०० चं क्रेडिटही मिळतं आणि शिक्षण क्रेडिटही. कर वर्ष २०२६ पासून दोन्ही शिक्षण क्रेडिटांसाठी करदात्याचा आणि विद्यार्थ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर लागेल. ग्रीन कार्डचा अर्ज दाखल असलेल्या घरातल्या मुलाला ईएडी (काम करण्याचा परवाना) मिळाल्यावर तो नंबर काढता येतो. एरवी एच-४ वरच्या मुलाला नोकरीच करता येत नाही.

२१ वर्षं झाली की एच-४ संपतो आणि अनेक मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. तेव्हा कॅम्पसवर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. घरात आनंद होतो. पण एफ-१ विद्यार्थ्याचे दिवस पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांपर्यंत कराच्या रहिवासात मोजत नाहीत. ज्या वर्षी व्हिसा बदलला त्या वर्षी एच-४ वरचे दिवस सहसा तारून नेतात. पुढचं पूर्ण वर्ष एफ-१ वर गेलं की मुलगा कराच्या दृष्टीने अनिवासी, त्याचा फॉर्म १०४०-एनआर, आणि तुमच्या रिटर्नमधून तो बाहेर. वीस वर्षं न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला 'अनिवासी' म्हणणं कानाला विचित्र लागतं, पण सॉफ्टवेअर हा प्रश्न स्वतःहून विचारेलच असं नाही.

मेमध्ये पदवी, जुलैत नोकरी

इथे खर्चाआधी राहण्याची चाळणी पाहा. मुलगी १ जुलै २०२५ ला सिएटलच्या भाड्याच्या घरात कायमची गेली, तर १ जानेवारी ते ३० जून हे १८१ दिवस होतात. अर्ध्याहून जास्त म्हणजे निदान १८३ हवेत. त्या वर्षी ती तुमची या वर्गातली डिपेंडंट नाही, आणि वसंत सत्राच्या फीचं क्रेडिट तिचं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरी राहून गेली असती तर दिवस भरले असते. मग प्रश्न पुन्हा ताटाचा.

घटस्फोट झाला असेल तर मूल ज्याच्याकडे राहतं तो पालक फॉर्म ८३३२ वर सही करून दुसऱ्याला मुलाला दाखवायचा हक्क देऊ शकतो. शिक्षण क्रेडिट त्या हक्कासोबत जातं, अर्न्ड इन्कम क्रेडिट जात नाही.

मग मुलीने रिटर्न भरायचंच नाही का?

भरायचं. तुम्ही तिला दाखवलं म्हणून तिचा कापलेला कर बुडत नाही. वरची चौकट खरी भरली की दीडशे डॉलर तिला मिळतातच. कमाई १५,७५० च्या पुढे, व्याज-लाभांशासारखं उत्पन्न १,३५० च्या पुढे, किंवा खाणं पोचवण्यासारख्या स्वतंत्र कामाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला, तर रिटर्न सक्तीचं. शेवटच्या प्रकारात मुलं हमखास फसतात, कारण त्यावर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागतो आणि प्रमाणित वजावट तो वाचवत नाही.

ज्या कॉलेजात शिकते तिथेच काम असेल तर डब्ल्यू-२ वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे रकाने कोरे दिसू शकतात. ती चूक नाही, विद्यार्थ्यांना तशी सूट आहे. सरकारी बाजारपेठेतून अनुदानित आरोग्य विमा घेणाऱ्या घरांनी एक ध्यानात घ्यावं: डिपेंडंट मुलीला रिटर्न भरणं सक्तीचं असेल तर तिचं उत्पन्न घराच्या उत्पन्नात मिळवून अनुदान ठरतं.

घोळ झालाच तर

मुलीने चुकीची चौकट निवडून रिटर्न पाठवलंच असेल, तर आधी तिचं मूळ रिटर्न पूर्ण प्रक्रियेतून जाऊ द्यावं, मग १०४०-एक्स भरून दुरुस्ती करावी. तुमचं रिटर्न तोवर अडकवायची गरज नाही. आयआरएसच्या संकेतस्थळावरून मुख्य करदात्याचा ओळख पटवणारा सहा आकडी आयपी पिन काढून तो घातला, तर आधी वापरलेल्या डिपेंडंटसह रिटर्न आता ऑनलाइन स्वीकारलं जातं. पूर्वी यासाठी कागदी रिटर्न टपालाने पाठवण्याखेरीज इलाज नव्हता.

दोन्ही रिटर्नांवर एकच मूल तसंच राहिलं तर दोघांना पत्र येतं आणि ज्याचा दावा टिकत नाही त्याला पैसे व्याजासह परत करावे लागतात. शिक्षण क्रेडिट बेफिकिरीने मागितलं असं ठरलं तर ते दोन वर्षं बंद होतं, लबाडीने मागितलं तर दहा वर्षं. एकदा नाकारलं गेल्यावर पुन्हा मागताना फॉर्म ८८६२ जोडावा लागतो. पोषणाचा तक्ता, १०९८-टी आणि पुस्तकांच्या पावत्या निदान तीन वर्षं एका फाइलमध्ये ठेवा, आणि फेब्रुवारीत मुलीला फोन कराल तेव्हा जेवलीस का याच्या पाठोपाठ रिटर्न पाठवलंस का, हेही विचारा.